नागरी हक्कांसाठी अहिंसक लढा: सातारा-सांगलीच्या शिबिरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, वडूज, विटा, तासगाव, सांगली या भागात कॉलेजच्या मुलामुलींसाठी अभ्यास-शिबिरं होतात. तिथं काही प्रश्न दरवेळी येतात. बरेचसे प्रश्न रागातून आलेले असतात, आणि तो राग रास्त असतो. त्यांची उत्तरं इथं जमतील तेवढी सविस्तर दिली आहेत.

अहिंसक लढा म्हणजे निवेदन द्यायचं, मेणबत्त्या लावायच्या आणि घरी जायचं, एवढंच ना?

निवेदन ही सुरुवात असते. लढा त्यानंतरचा. कुठलाही अन्याय रोज कुणीतरी चालवत असतं. कुणी तिकीट काढतं, कुणी दंड भरतं, कुणी पंचांपुढे मान खाली घालतं, कुणी बघूनही न बघितल्यासारखं करतं. हा रोजचा हातभार माणसांनी एकत्र येऊन, ठरवून काढून घेतला की अन्याय करणाऱ्याचं काम अडतं. याच्या जोडीला दुसरा मार्ग असतो तो नाकारलेला हक्क सरळ बजावण्याचा. ज्या तळ्यावर बंदी आहे तिथं जाऊन पाणी प्यायचं, ज्या बाकावर बसू देत नाहीत तिथं जाऊन बसायचं. यात हात उगारायचा नाही, पण जे भोगावं लागेल ते भोगायची तयारी ठेवायची.

जीन शार्प या अमेरिकन अभ्यासकानं १९७३ साली अशा १९८ पद्धतींची यादी केली होती. आपल्याकडे मात्र मोर्चा, उपोषण, बंद आणि रास्ता रोको या चारांपलीकडे विचारच होत नाही. आमच्या मते ही आपली मोठी कमतरता आहे.

हक्क तर संविधानानं दिलेलेच आहेत. मग लढायचं कशासाठी?

कागदावरचा हक्क हातात यायला किती वर्षं लागतात, हे महाडच्या तारखा बघितल्या की कळतं. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळानं १९२३ साली मंजूर केला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. म्हणजे कागद पूर्ण झाला. पण पुढची तीन वर्षं त्या तळ्याला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर जमावानं हल्ला केला, माणसं रक्तबंबाळ झाली. परिषदेला आलेल्या लोकांत लष्करात नोकरी केलेले कितीतरी जण होते. ते उलटून पडले असते तर महाडात काय झालं असतं, याची कल्पना करता येते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं.

पुढे काय झालं? सनातन्यांनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

आमच्या भागातल्या मुलांना याची आधीची कडीही माहीत असायला हवी. हेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात वेगळं गोणपाट टाकून बसायचं. तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतायचं, आणि शिपाई नसेल तर तहानलेलंच राहायचं. १९०१ साली ते भावंडांबरोबर वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले, तेव्हा जात कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, तोही गाडी पोरांनी हाकायची आणि आपण शेजारून चालायचं या अटीवर. रात्रभर पोरांना प्यायला पाणी मिळालं नाही. आजही साताऱ्याकडून कराडला जाणारी रेल्वे मसूरला थांबते. एकदा तिथं उतरून बघा.

पण खुद्द बाबासाहेबांनीच संविधान आल्यावर सत्याग्रह सोडा म्हणून सांगितलं होतं ना?

हो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात ते हे म्हणाले. सनदशीर मार्ग बंद होते तोवर कायदेभंग, असहकार, सत्याग्रह यांचं समर्थन करता येत होतं. आता ते मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा हे सोडलं पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. या मार्गांना त्यांनी अराजकाचं व्याकरण म्हटलं. हे भाषण गैरसोयीचं वाटतं म्हणून बरेच कार्यकर्ते ते टाळतात. आम्ही टाळत नाही, कारण त्यातून दोन गोष्टी शिकायच्या आहेत.

पहिली गोष्ट क्रमाची. अर्ज, ग्रामसभा, माहिती अधिकार, न्यायालय, मतदान हे सगळं करून बघितल्याशिवाय कायदा मोडायच्या गोष्टी करायच्या नाहीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसऱ्यांदा माणसं जमली होती आणि तळ्याबाबत कोर्टाचा मनाई हुकूम होता. तेव्हा बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं पुढे ढकललं. जमलेल्या माणसांचा उत्साह बघता तो निर्णय सोपा नव्हता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. आज एखाद्या वस्तीतल्या माणसाला गावच्या विहिरीवर, देवळात किंवा स्मशानभूमीत अडवलं, तर कायदा कोण मोडतंय? अनुच्छेद १७ नं अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. विहिरीवर जाणारा माणूस संविधान पाळतोय आणि अडवणारा मोडतोय. तिथं शांतपणे जाऊन पाणी भरण्याला कायदेभंग म्हणताच येणार नाही. शस्त्राशिवाय शांततेनं जमण्याचा हक्कही अनुच्छेद १९ मध्येच आहे. बाबासाहेबांचे निकटचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह उभे केले. म्हणजे त्यांच्या माणसांनीही त्या भाषणाचा अर्थ 'घरी बसा' असा घेतला नव्हता.

आपला जिल्हा तर पत्री सरकारचा. इथं अहिंसेची भाषा कशी चालणार?

हा प्रश्न आला नाही असं शिबिर आठवत नाही. तो टाळून पुढं जाणं बरोबर नाही.

पत्री सरकार म्हणजे इंग्रजांविरुद्ध इथल्या भूमिगत चळवळीनं उभं केलेलं प्रतिसरकार. ते अहिंसक नव्हतं. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या साथीदारांनी शस्त्रं बाळगली. शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली, फितुरांना आणि गावगुंडांना कठोर शिक्षा दिल्या. या माणसांबद्दल आम्हाला नितांत आदर आहे, आणि त्यांनी केलं त्याला दुसरं नाव देऊन आम्ही ते पचवायला जाणार नाही.

पण त्याच्या आधीचे आठवडे लोक विसरतात. १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे निघाले. कराडला, पाटणला, तासगावला लोक चालत गेले. ३ सप्टेंबरला तासगावात मामलेदारांच्या डोक्यावर गांधी टोपी चढली आणि कचेरीवर तिरंगा लागला. रक्ताचा थेंब न सांडता. ९ सप्टेंबरला वडूजला परशुराम घार्गे तिरंगा घेऊन पुढं होते. पोलिसांनी गोळ्या घातल्या, नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि दोघे गेले. त्यानंतर भूमिगत चळवळीनं शस्त्र हाती घेतलं. कुठल्या परिस्थितीत घेतलं, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्यावर शेरा मारायचा अधिकार आपल्याला नाही.

आणि प्रतिसरकार टिकलं कशावर? मूठभर बंदुकांवर ते तीन वर्षं टिकणं शक्य नव्हतं. ते टिकलं कारण गावंच्या गावं पोलिसांना काही सांगत नव्हती. माणसं मार खात होती पण नाव घेत नव्हती. सरकारी कोर्टात जायचं सोडून लोक तंटे प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळाकडे नेत होते. खर्च टाळून गांधी पद्धतीनं लग्नं लागत होती, दारूच्या भट्ट्या बंद होत होत्या, सावकारांच्या जाचाला आळा बसत होता. हा सगळा भाग शुद्ध असहकाराचा आणि पर्यायी व्यवस्था उभी करण्याचा आहे. पोवाड्यांत शौर्य येतं, हे येत नाही. आम्हाला प्रतिसरकारचा हा वारसा आज जास्त उपयोगाचा वाटतो. परकी सत्ता गेली. नाना पाटीलही पुढे याच भागातून १९५७ साली निवडणूक लढवून लोकसभेत गेले.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याचा आपल्याशी काय संबंध?

नागपूरचा संबंध आहे! जेम्स लॉसन नावाचा तरुण काळा धर्मोपदेशक १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करावा ही त्याची ओढ होती. डिसेंबर १९५५ मध्ये नागपुरातल्या वर्तमानपत्रात त्यानं बातमी वाचली की अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आहे. परत गेल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्याला दक्षिणेत काम करायची गळ घातली, आणि पुढं नॅशव्हिल शहरात त्यानं विद्यार्थ्यांची अशी फळी तयार केली की तिनं सगळ्या चळवळीला वळण दिलं.

माँटगोमेरीची गोष्ट सगळे रोझा पार्क्स यांच्यापासून सुरू करतात. १ डिसेंबर १९५५ ला त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली. त्यांचं धैर्य मोठंच. पण आमच्या शिबिरात आम्ही त्या रात्रीबद्दल जास्त बोलतो. जो अॅन रॉबिन्सन नावाच्या प्राध्यापिकेनं त्या रात्री जागून कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रकं काढली, आणि सकाळपासून ती शहरभर वाटली गेली. महिलांच्या संघटनेची तयारी आधीपासून होती, म्हणून हे एका रात्रीत जमलं.

पुढचे ३८१ दिवस काळी माणसं बसमध्ये चढली नाहीत. बसचे बहुसंख्य प्रवासी तेच होते, त्यामुळं कंपनीचं उत्पन्न कोसळलं. सुरुवातीला काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्या तिकिटाएवढेच, म्हणजे १० सेंट घेऊन माणसं पोचवली. शहरानं टॅक्सीचं किमान भाडं ४५ सेंट असल्याचा नियम दाखवून ते बंद पाडलं. मग खाजगी मोटारींची रांग लावली, थांबे ठरवले, वेळापत्रक केलं, पेट्रोलचे पैसे चर्चमध्ये गोळा झाले. घरकाम करणाऱ्या बायका मैलोन्‌मैल चालल्या. किंग यांच्या घरावर बाँब पडला, बायको आणि तान्ही मुलगी घरात असताना. बाहेर चिडलेला जमाव जमला होता. किंग यांनी त्यांना घरी परत पाठवलं. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २० डिसेंबर १९५६ ला बहिष्कार संपला.

एसटी बंद असते तेव्हा माण-खटावच्या वाडीवरून कॉलेजला पोचणं किती जड जातं, हे आमच्या मुलांना माहीत आहे. तसं वर्षभर काढायचं म्हटलं तर काय काय उभं करावं लागेल, याचा हिशेब आम्ही त्यांना वहीत करायला लावतो.

त्यासाठी वेगळा सराव लागतो का? निश्चय पक्का असला की झालं की!

निश्चय पहिल्या शिवीला टिकतो, दुसऱ्या थपडेला टिकेलच असं नाही. लॉसन नॅशव्हिलमध्ये संध्याकाळी वर्ग घ्यायचे. निम्मी मुलं खानावळीच्या बाकावर बसायची, निम्मी गोऱ्या गुंडांची भूमिका करायची. शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, बाकावरून खाली पाडायचं. खाली पडल्यावर डोकं आणि पोट कसं वाचवायचं, शेजारच्याला मारत असतील तर मध्ये अंग कसं घालायचं, हे शिकवलं जायचं. फेब्रुवारी १९६० मध्ये ती मुलं खऱ्या खानावळींत जाऊन बसली. १० मे रोजी शहरातल्या मध्यवर्ती खानावळी काळ्यांना खुल्या झाल्या.

सांगलीच्या पोरांना कबड्डीची भाषा पटकन कळते: रोज मातीत अंग टाकल्याशिवाय सामन्यात चढाई होत नाही, तसंच हे. आम्हीही शिबिरात हा प्रयोग करतो. काही मुलांना पहिल्या पाच मिनिटांत राग अनावर होतो. अशा मुलांनी त्या दिवशी आघाडीला न जाता मागची कामं घ्यावीत असं आम्ही सुचवतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आकडे काय सांगतात? अहिंसक लढे खरंच जिंकतात?

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमांपैकी साधारण ५३ टक्के यशस्वी झाल्या, सशस्त्रपैकी २६ टक्के. मात्र या मोहिमा प्रामुख्यानं राजवट बदलण्याच्या किंवा परकी सत्ता घालवण्याच्या होत्या. गावच्या विहिरीच्या प्रश्नाला तो आकडा जसाच्या तसा लावू नका.

हरलेलेही पुष्कळ. सेनापती बापटांच्या मुळशीच्या सत्याग्रहानंतरही धरण झालंच. नाशिकचं काळाराम मंदिर १९३० ते १९३५ एवढा काळ सत्याग्रह करूनही उघडलं नाही.

बहिष्कार हा अहिंसक मार्ग असेल, तर जातपंचायत घालते तो बहिष्कारही अहिंसकच म्हणायचा का?

हा प्रश्न एका मुलीनं विचारला तेव्हा शिबिरातले सगळे गप्प झाले, कारण तिच्या घरानं ते सोसलं होतं.

जातपंचायतीच्या बहिष्कारात सगळा समाज एका घरावर उलटतो. किराणा बंद, दळण बंद, मयताला खांदा नाही, लेकीच्या लग्नाला कुणी नाही. माणसाला जगणंच अशक्य करून वाकवायचं, आणि तेही त्यानं आपला हक्क बजावला म्हणून. ज्याच्या हाती सत्ता आहे तो दुबळ्याला जगण्यापासून तोडतो, त्याला हिंसाच म्हणायचं. काठी वापरली नाही एवढ्यानं ती अहिंसा होत नाही. माँटगोमेरीत दुबळ्यांनी बलवान कंपनीला आपले पैसे द्यायचं थांबवलं. कुणा गोऱ्याचं पाणी तोडलं नाही, मूल शाळेतून काढलं नाही.

महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. २०१६ साली तो मंजूर झाला, जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार घालणं हा गुन्हा आहे. हा कायदा येण्यामागं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध चालवलेली चिकाटीची मोहीम आहे. बहिष्कृत कुटुंबांकडे जाऊन बसणं, पंचांशी बोलणं, तक्रार नोंदवायला सोबत जाणं, हे सगळं त्यांनी केलं.

अहिंसेनं वागणाऱ्यालाच मारून टाकतात. डॉ. दाभोलकरांचं काय झालं?

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला. या प्रश्नावर कुणालाही समाधान देईल असं उत्तर आमच्याकडे नाही. अहिंसा पाळली की समोरचा मारणार नाही, असं कुणी सांगत असेल तर तो खोटं सांगतो. वडूजला तर गोळ्याच घातल्या.

त्यानंतर काय घडलं ते सांगू शकतो. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉक्टर वर्षानुवर्षं झटले, त्याचा वटहुकूम खुनानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. त्यांच्या कार्यकर्त्यांनी एकही दगड उचलला नाही. दर महिन्याच्या २० तारखेला ते खून झालेल्या पुलावर जमत राहिले, न्याय मागत राहिले, कोर्टात खेटे घालत राहिले. १० मे २०२४ रोजी दोन मारेकऱ्यांना जन्मठेप झाली, आणि तिघे निर्दोष सुटले. कटाच्या मुळाशी कोण होतं, हे त्या निकालातून उलगडलं नाही.

एक व्यावहारिक गोष्टही सांगायला हवी. अचानक अंगावर आलेल्या माणसापासून जीव वाचवण्याचा हक्क कायद्यानं प्रत्येकाला आहे. सामूहिक आंदोलनाची शिस्त वेगळी आणि अंधारात एकट्या मुलीवर आलेला प्रसंग वेगळा. तिथं तिनं मिळेल त्या वस्तूनं स्वतःला वाचवावं.

उपोषणाला बसलं की लवकर निकाल लागतो ना?

उपोषण हे शेवटचं साधन. आज ते पहिलं झालंय, याची काळजी वाटते. ज्याच्याविरुद्ध बसायचं त्याला तुमच्या जिवाची पर्वा असेल तरच ते चालतं. साने गुरुजी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून १ मे १९४७ ला उपोषणाला बसले आणि १० मे रोजी ते सुटलं. पण त्याआधी कित्येक महिने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले होते, गावोगाव मंदिरं आणि विहिरी खुल्या करवत होते. दहा दिवसांच्या उपोषणाला त्या फिरतीचं बळ होतं. उलट मणिपूरच्या इरोम शर्मिलांनी २००० पासून २०१६ पर्यंत, सोळा वर्षं अन्न घेतलं नाही, पण ज्याच्याविरुद्ध त्या बसल्या तो लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदा (अफ्स्पा) रद्द झाला नाही.

उपोषणाचा दुर्बलांवर दबाव येऊ शकतो, हेही लक्षात ठेवा. १९३२ साली गांधीजींच्या येरवड्यातल्या उपोषणानं बाबासाहेबांवर जो दबाव आला आणि पुणे करार झाला, त्याचं दुःख दलित समाजात आजही आहे. बसायचंच असेल तर साखळी उपोषण करा, रोज वैद्यकीय तपासणी ठेवा, आणि मधुमेह असलेल्यांना किंवा म्हाताऱ्या माणसांना बसवू नका.

ऊसदराच्या आंदोलनात टायरमधली हवा सोडतात, ट्रॉल्या अडवतात. ते अहिंसक म्हणायचं का?

हवा सोडणं आणि टायर पेटवणं यांत फरक आहे हे मान्य. तरी ट्रॅक्टर-ट्रॉलीचा मालक बहुतेक वेळा कर्ज काढलेला शेतकऱ्याचाच पोरगा असतो, आणि फडात अडकलेली तोडकरी कुटुंबं बीडची. त्रास नेमका कुणाला होतोय हा प्रश्न आधी विचारा. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान झालं तर १९८४ चा स्वतंत्र कायदा लागतो. रस्ता बेमुदत अडवून धरता येणार नाही, आंदोलनाचा हक्क आहे पण ठरलेल्या जागी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये शाहीन बागच्या प्रकरणात सांगितलं. रुग्णवाहिका अडली तर लोकांची सहानुभूती त्याच क्षणी जाते.

परवानगी लागते का? पोलीस '१४९ ची नोटीस' देतात म्हणजे काय?

पोलीस ठाणे, तहसीलदार किंवा प्रांत यांना लेखी कळवा आणि शिक्क्याची पोच घ्या. ती पोच जपून ठेवा, पुढे फार उपयोगी पडते. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात वरचेवर जमावबंदी लागू असते. तारीख ठरवण्याआधी चौकशी करा.

'१४९' हा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतला आकडा. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि तीच तरतूद आता कलम १६८ खाली आहे. पण ठाण्यात अजून जुनंच नाव चालतं. गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधी समज देतात, ती ही नोटीस. ती मिळाली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. घ्या, वाचा, सही करताना तारीख आणि वेळ लिहा. जमावबंदीचं जुनं कलम १४४ आता १६३ झालं आहे.

अटक झाली तर?

चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेचं कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, वकिलाला भेटता येतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. मोर्चाच्या दिवशी हा नंबर पेननं तळहातावर लिहून ठेवा. मोबाईल काढून घेतला जातो.

मी पोलीस भरतीची तयारी करतोय. केस झाली तर आयुष्याचं वाटोळं होईल ना?

भीती खरी आहे. चारित्र्य पडताळणीत गुन्ह्याची नोंद दिसते. राज्य सरकार वेळोवेळी राजकीय-सामाजिक आंदोलनातले, जीवितहानी न झालेले खटले मागे घेतं, पण त्याला वर्षं लागतात आणि भरती थांबत नाही. नोंद असेल तर अर्जात लपवू नका. लपवाछपवी हेच अनेकदा नोकरी जायचं कारण ठरतं.

घरची परिस्थिती बेताची असेल आणि भरतीवर सगळं अवलंबून असेल, तर तुम्ही आघाडीला उभं राहू नये असं आम्ही स्पष्ट सांगतो. हिशेब ठेवा, चित्रीकरण करा, पत्रकं लिहा, वकिलांशी संपर्क ठेवा. माँटगोमेरीत गाड्यांचं वेळापत्रक लिहिणारी माणसं नसती तर बहिष्कार आठवडाभरात मोडला असता.

बायकांनी यात कसं उतरायचं? घरचे सोडत नाहीत.

१९३० साली शिराळ्याजवळच्या बिळाशीत जंगल सत्याग्रह झाला तेव्हा राजूताई कदम यांच्यासारख्या बायका पुढं होत्या, आणि पोलिसांची बंदूक समोर होती. नायगावच्या सावित्रीबाईंनी शेणमाती झेलली ती पुण्यात, पण त्या याच सातारा जिल्ह्यातल्या. सांगलीत १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद काम करते. ज्यांना कुणी नागरिक म्हणूनही मोजत नव्हतं, त्या बायका पोलिसांकडे आणि सरकारकडे आपले हक्क स्वतः मागतात.

गावात सगळ्यात हाताशी असलेला मार्ग म्हणजे दारूबंदीचं मतदान, आपल्याकडची 'आडवी बाटली'. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सहीनिशी मागणी केली की गुप्त मतदान होतं. इथं बऱ्याच गावांची गफलत होते: झालेल्या मतदानातलं बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. माणदेशातल्या कितीतरी बायका मुंबईला किंवा ऊसतोडीला गेलेल्या असतात, नावं यादीत असतात. म्हणून तारीख मागताना हंगाम बघा, आणि घरोघर जाऊन यादी तपासा.

सुरुवात कुठून करायची?

एका मागणीपासून. १९६१-६२ मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरात सगळा वर्णभेद एकदम संपवा अशी मागणी झाली. तिथला पोलीस प्रमुख हुशार होता. त्यानं लोकांना न मारता शांतपणे अटक केली, आजूबाजूच्या तुरुंगांत पांगवलं, आणि चळवळ थकली. त्यातून शिकून १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये किंग आणि त्यांच्या साथीदारांनी बाजारपेठेतली दुकानं निवडली. तिथली खानावळ खुली करा, काळ्यांना विक्रेत्याची नोकरी द्या, अशा थेट मागण्या ठेवल्या आणि त्या बऱ्याच अंशी मान्य करून घेतल्या.

'जातिभेद संपवा' ही मागणी ग्रामसेवकाला पूर्ण करता येत नाही. 'वस्तीच्या नळाला गावाएवढाच वेळ पाणी सोडा' ही करता येते. कुणाच्या सहीनं हे होणार आहे ते आधी शोधा. पाणी किती वेळ सुटतं, ठराव काय झाला, निधी कुठं गेला, हे माहितीच्या अधिकारात मागवा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. उत्तराच्या झेरॉक्स काढून मगच पहिली बैठक बोलवा. बैठक ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्या वस्तीत घ्या, आणि बायका कामावरून परत येतील ती वेळ ठेवा.